साठ हजार नळ्या: इराक युद्धाआधीच्या एका बातमीचा माग

८ सप्टेंबर २००२, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर मायकल गॉर्डन आणि ज्युडिथ मिलर यांची एक लांबलचक बातमी आली. सद्दाम हुसेनने अणुबॉम्बच्या सामग्रीचा शोध वाढवला आहे, गेल्या चौदा महिन्यांत इराकने खास बनावटीच्या हजारो अॅल्युमिनियम नळ्या विकत घ्यायचा प्रयत्न केला आहे आणि या नळ्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत असं अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटतं, असा तिचा सारांश. हे अधिकारी कोण, त्यांची नावं काय, हे बातमीत नव्हतं.

त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी एनबीसीवरच्या 'मीट द प्रेस'मध्ये टिम रसर्ट यांच्यासमोर बसले होते. नळ्यांचा विषय निघाल्यावर त्यांनी आजच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर बातमी आहे, असं सांगितलं. गुप्तचर माहितीच्या स्रोतांबद्दल आपल्याला बोलायचं नाही, पण आता हे जाहीर झालंच आहे, असं म्हणून ते पुढे बोलत राहिले. सीएनएनवर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राइस म्हणाल्या की या नळ्या खरं तर फक्त अण्वस्त्र कार्यक्रमासाठीच योग्य आहेत, आणि ठोस पुराव्याची वाट पाहता पाहता तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात समोर यायला नको. ढगाचं हे वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत टाइम्सच्या बातमीतही होतं. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल फॉक्सवर होते, संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड सीबीएसवर. एकाच सकाळी चार वाहिन्यांवर सरकारमधली चार वजनदार माणसं, आणि हातात एकच बातमी.

सरकारी अधिकाऱ्यांनी नाव न सांगता वर्तमानपत्राला माहिती दिली, वर्तमानपत्राने ती छापली, आणि सरकारातल्या वरिष्ठांनी तेच वर्तमानपत्र दाखवून जगाला सांगितलं की पाहा, आता तर वर्तमानपत्रंही हेच म्हणताहेत. माहितीचा उगम एकच होता, पण घरी टीव्ही पाहणाऱ्या माणसाला वाटलं की दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून दुजोरा मिळाला.

परदेशातल्या एखाद्या युद्धाबद्दल सरकार खरं बोलतंय का, माध्यमं नीट सांगताहेत का, अशी शंका आली की आपण लगेच हेतूकडे वळतो. आपल्याकडे इराकबद्दल 'सगळं तेलासाठी' हे वाक्य तेव्हा सर्रास ऐकू यायचं, आजही येतं. त्यात तथ्य किती हा मोठा वाद आहे, आणि तो कधी मिटेल असं मला वाटत नाही, कारण नेत्याच्या डोक्यात काय होतं हे सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. आरोप झाला की सरकार तो झटकून टाकतं आणि विषय संपतो. नळ्यांचं तसं नव्हतं. त्यांना लांबी होती, व्यास होता, जाडी होती. त्या कशासाठी होत्या हे तपासता येत होतं, आणि युद्ध सुरू होण्याआधी ते तपासलंही गेलं होतं. म्हणून इराक युद्धाच्या अवाढव्य कहाणीतला मी हा एकच धागा घेतो आहे. एक दावा खालून वर जाताना त्याच्या अंगावरच्या शंका कुठे कुठे खरवडून काढल्या गेल्या हे पाहिलं, की हेतूबद्दल वेगळं काही सिद्ध करायची फारशी गरज उरत नाही.

नळ्या होत्या तरी कशा

७०७५-टी६ हे मजबूत प्रतीचं अॅल्युमिनियम. नळीचा बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंतीची जाडी ३.३ मिलिमीटर. म्हणजे मनगटापेक्षा थोडी जाड आणि हातभराहून लांब अशी एक नळी. इराकला अशा साठ हजार नळ्या हव्या होत्या. २००१ च्या उन्हाळ्यात त्यांची एक खेप जॉर्डनमध्ये अडवण्यात आली.

सेंट्रिफ्यूजमध्ये युरेनियमचा वायू भरलेली एक पोकळ नळी प्रचंड वेगाने फिरवतात. जड अणू भिंतीकडे सरकतात, हलके आत राहतात, आणि अशा शेकडो-हजारो यंत्रांची साखळी लावली की हळूहळू हवं ते युरेनियम वेगळं होत जातं. अशा फिरत्या नळीची भिंत अगदी पातळ लागते. ३.३ मिलिमीटर म्हणजे गरजेच्या कितीतरी पट जाड. व्यासही अरुंद. १९९१ च्या आखाती युद्धाआधी इराकने खरोखरच सेंट्रिफ्यूज बनवायचा प्रयत्न केला होता. तेव्हा त्याने निवडलेला व्यास जवळपास दुप्पट होता आणि साहित्य होतं खास पोलाद आणि कार्बन फायबर. ते सगळं सोडून आता जाड, अरुंद अॅल्युमिनियमकडे मागे जायचं म्हणजे आपणच आपल्या कामात खोडा घालण्यासारखं होतं. शिवाय या नळ्यांना गंज न लागण्यासाठी थर दिलेला होता. सेंट्रिफ्यूजसाठी वापरायच्या तर आधी तो काढावा लागला असता.

दुसरीकडे, ८१ मिलिमीटर व्यासाचं एक रॉकेट इराककडे १९८० च्या दशकापासून होतं. मेदुसा नावाच्या इटालियन रॉकेटची ती इराकी नक्कल. त्याच मापाच्या, त्याच धातूच्या हजारो नळ्या इराककडे आहेत हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांनी १९९० च्या दशकात प्रत्यक्ष पाहिलं होतं. उघड्यावर ठेवलेली रॉकेटं गंजतात, म्हणून थर. हे स्पष्टीकरण इतकं साधं होतं की ते खोटं ठरवायचं तर भक्कम कारण हवं होतं.

सीआयएमधल्या एका विश्लेषकाला मात्र खात्री होती. शिक्षणाने अभियंता, सेंट्रिफ्यूजच्या क्षेत्रात काम केलेला. एप्रिल २००१ मध्ये सीआयएने पहिला अहवाल वर पाठवला की या नळ्या बहुधा सेंट्रिफ्यूजसाठीच असाव्यात. दुसऱ्याच दिवशी ऊर्जा विभागातल्या तज्ज्ञांनी आपल्या शंका नोंदवल्या. अमेरिकेत अण्वस्त्रांचं आणि सेंट्रिफ्यूजचं ज्ञान ऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळांत आहे, टेनेसीतल्या ओक रिजसारख्या ठिकाणी. ही यंत्रं ज्यांनी हाताळली होती तीच ही माणसं. काही आठवड्यांत त्यांनी रॉकेटचा धागाही शोधून काढला, आणि ऑगस्ट २००१ मध्ये सविस्तर टिपण लिहून कळवलं की सेंट्रिफ्यूजसाठी या नळ्या अयोग्य आहेत. तारखांकडे लक्ष द्या. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमानं आदळायच्या आधी हा वाद सुरू झाला होता, आणि माझ्या मते तांत्रिक अंगाने तो तेव्हाच निकालात निघाला होता.

एक गोष्ट इथे मोकळेपणाने सांगायला हवी. सद्दामवर संशय घेणारे मूर्ख नव्हते. १९८८ मध्ये हलब्जात त्याच्याच राजवटीने कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. १९९० च्या दशकात त्याचं सरकार निरीक्षकांशी वर्षानुवर्षं खोटं बोललं होतं. अशा माणसाने नळ्या मागवल्या तर चौकशी व्हायलाच हवी होती. ती झाली. प्रश्न चौकशीनंतरचा आहे.

ऑगस्टमध्ये नवा माल आणत नाहीत

२६ ऑगस्ट २००२ रोजी नॅशव्हिलमध्ये माजी सैनिकांसमोर बोलताना चेनी म्हणाले की सद्दामकडे आता सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत यात शंका नाही. त्याच महिन्यात इराकबाबत जनमत घडवण्यासाठी व्हाइट हाउसमध्ये एक खास गट तयार झाला होता. ७ सप्टेंबरच्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये व्हाइट हाउसचे प्रमुख अधिकारी अँड्र्यू कार्ड यांचं विधान छापून आलं. इराकचा मुद्दा सप्टेंबरपर्यंत का थांबवला, या प्रश्नावर ते म्हणाले की मार्केटिंगच्या दृष्टीने पाहिलं तर ऑगस्टमध्ये नवीन उत्पादन बाजारात आणत नाहीत. दुसऱ्या दिवशी नळ्यांची बातमी आली.

हे विधान मी कितीदा तरी वाचलं आहे आणि दर वेळी संताप येतो. लाखो लोकांच्या आयुष्याचा निर्णय, आणि भाषा दुकानातल्या मालाची.

हेतूबद्दल पुढे बाहेर आलेल्या दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. २३ जुलै २००२ ला लंडनमध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची एक बैठक झाली. तिचं टिपण मे २००५ मध्ये संडे टाइम्सने छापलं. वॉशिंग्टनहून नुकतेच परतलेले ब्रिटिश गुप्तचर प्रमुख त्यात सांगतात की लष्करी कारवाई आता अटळ मानली जात आहे, आणि गुप्त माहिती व तथ्यं धोरणाभोवती बेतली जात आहेत. दुसरी गोष्ट, युद्धानंतर मे २००३ मध्ये संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी एका मुलाखतीत दिलेली कबुली: युद्धाची कारणं अनेक होती, पण सरकारी यंत्रणेतल्या कारणांमुळे सगळ्यांचं ज्या एका मुद्द्यावर एकमत होऊ शकत होतं तो म्हणजे संहारक शस्त्रं, म्हणून तोच पुढे केला. निर्णय आधी आणि कारण नंतर, हा क्रम विरोधकांनी रंगवलेला नाही. तो त्यांच्याच माणसांच्या तोंडून आलेला आहे.

शंका कुठे छापल्या गेल्या

टाइम्सच्या त्या पहिल्या बातमीत शंकेचा उल्लेख अजिबात नव्हता असं नाही. संपादकांनीच नंतर मोजून सांगितल्याप्रमाणे, ३,६०० शब्दांच्या लेखात तो १,७०० शब्दांनंतर येत होता. पाच दिवसांनी, १३ सप्टेंबरला, त्याच दोन बातमीदारांची दुसरी बातमी आली. तोवर गुप्तचर संस्थांमध्ये वाद आहे हे त्यांना कळलं होतं. ती बातमी आतल्या तेराव्या पानावर गेली, आणि आधीच्या बातमीत काही दुरुस्त होत आहे याची मथळ्यात चाहूलही नव्हती. त्यात एका अनामिक वरिष्ठ अधिकाऱ्याने हा मतभेद म्हणजे फूट नव्हे, केवळ तळटीप आहे, असं म्हटलं होतं. दुसऱ्या एका अनामिक अधिकाऱ्याच्या हवाल्याने असंही छापलं गेलं की ओक रिजसारख्या प्रयोगशाळांतले सर्वोत्तम तज्ज्ञ सीआयएच्याच बाजूने आहेत. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. ओक रिजकडे एक फोन करून खात्री करता आली असती की नाही, सांगणं कठीण आहे, कारण सरकारी शास्त्रज्ञांनी तोंड उघडायचं नाही असं वातावरण होतं. पण दोन बाजूंपैकी एकीला नाव न देता बोलायची मुभा आणि दुसरीवर मौनाचा दबाव, ही गोष्ट स्वतःच बातमी होती.

ती बातमी वॉशिंग्टन पोस्टच्या जोबी वॉरिक यांनी १९ सप्टेंबरला दिली. अणुतज्ज्ञ डेव्हिड ऑलब्राइट यांच्या संस्थेच्या अहवालावर ती आधारलेली होती: नळ्यांबद्दलच्या दाव्याला तज्ज्ञांचा आक्षेप आहे, आणि असहमत असणाऱ्यांकडून गप्प राहण्याची अपेक्षा आहे. बातमी गेली अठराव्या पानावर. पोस्टने पुढे २००४ मध्ये आपल्याच कामाची झाडाझडती घेतली तेव्हा असं दिसलं की ऑगस्ट २००२ पासून युद्ध सुरू होईपर्यंत सरकारच्या इराकविरोधी भूमिकेवर भर देणाऱ्या १४० हून अधिक बातम्या त्यांनी पहिल्या पानावर घेतल्या होत्या. शंका घेणाऱ्या बातम्याही छापल्या होत्या, पण बहुतेक आत.

वर्तमानपत्रात कोणी खोटं लिहिलंच पाहिजे असं नसतं. पहिल्या पानावर काय जातं आणि अठराव्या पानावर काय, एवढ्यावरून वाचकाच्या मनातलं चित्र ठरतं. ज्या खोलीत हे ठरतं तिथे 'राष्ट्राध्यक्ष म्हणाले' ही आपोआप बातमी असते आणि 'तीन शास्त्रज्ञांना पटत नाही' यासाठी झगडावं लागतं.

नाइट रिडर हा या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. अमेरिकेतल्या तीसेक शहरांतल्या वर्तमानपत्रांचा तो समूह. मायामी, फिलाडेल्फिया, सॅन होझे अशा ठिकाणी त्यांची पत्रं होती, पण न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनमध्ये एकही नव्हतं. त्यांच्या वॉशिंग्टन कार्यालयात जॉन वॉलकॉट यांच्या हाताखाली जोनाथन लॅंडे आणि वॉरन स्ट्रोबेल काम करत होते. ६ सप्टेंबर २००२ ला, म्हणजे टाइम्सच्या बातमीच्या दोन दिवस आधी, लॅंडे यांनी लिहिलं की इराकी शस्त्रांच्या ठोस पुराव्याच्या अभावाने वरिष्ठ अधिकारीच अस्वस्थ आहेत. ४ ऑक्टोबरला त्यांनी गुप्तचर विश्लेषकांमधली फूट उघड केली. त्या महिन्यातच तिघांनी मिळून सरकारातल्या अस्वस्थतेवर आणखी एक बातमी दिली.

त्यांच्याकडे जादूची कांडी नव्हती. चेनी किंवा राइस यांच्यापर्यंत त्यांना सहज पोहोचता येत नव्हतं, म्हणून ते खालच्या आणि मधल्या फळीतल्या लोकांशी बोलत राहिले: लष्करी अधिकारी, विश्लेषक, मुत्सद्दी. फाइल ज्याच्या टेबलावर असते त्याला फाइलीत काय आहे ते ठाऊक असतं. वर पोहोचलेल्या माणसाला फाइलीतून काय हवंय ते ठाऊक असतं. टाइम्सची ताकद म्हणजे वरच्या माणसांपर्यंतची पोच, आणि इथे तीच तिची दुबळी बाजू ठरली. या बातम्या सत्ताकेंद्रात वाचल्या जात नव्हत्या, टीव्हीवर त्यांची चर्चा होत नव्हती, आणि समूहाची स्वतःची काही पत्रंही त्या छापायला कचरत होती. बरोबर असणं आणि ऐकलं जाणं या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असतं ते इथे दिसतं.

ज्युडिथ मिलर यांनी पुढे आपली बाजू मांडताना म्हटलं होतं की सरकारच्या माहितीचं मूल्यमापन करणं हे माझं काम नाही. इराकच्या शस्त्रसाठ्याबद्दल सरकारला काय वाटतं ते वाचकांना सांगणं हे माझं काम. मला हे मान्य नाही. सरकारला काय वाटतं ते सांगायला सरकारकडे प्रवक्ते असतात. बातमीदार त्यापुढे जाणार नसेल तर वाचकाने वर्तमानपत्राला पैसे कशासाठी द्यायचे?

मतदानाआधीचे दहा दिवस

ऑक्टोबर २००२ च्या सुरुवातीला सर्व गुप्तचर संस्थांचा एकत्रित अंदाज तयार झाला. नव्वदहून अधिक पानांचा, गोपनीय. त्यात ऊर्जा विभागाचा नळ्यांबद्दलचा आक्षेप नोंदलेला होता आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाचं वेगळं मतही. ४ ऑक्टोबरला त्याची जनतेसाठीची संक्षिप्त आवृत्ती निघाली. तिच्यात एवढंच राहिलं की बहुतेक तज्ज्ञांच्या मते नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, काहींच्या मते पारंपरिक शस्त्रांसाठी. हे 'काही' म्हणजे देशातले सेंट्रिफ्यूजचे सर्वांत जाणकार लोक, हे वाचकाला कळायला मार्गच नव्हता.

खासदारांना मूळ दस्तऐवज सुरक्षित खोलीत जाऊन वाचता येत होता. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच सिनेटरांनी सारांशापलीकडचं काही वाचलं, असं पुढे वॉशिंग्टन पोस्टने दिलं. सिनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहॅम यांनी तो वाचला आणि युद्धाचा अधिकार देणाऱ्या ठरावाच्या विरोधात मत दिलं. ७ ऑक्टोबरला सिनसिनाटीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नळ्यांचा उल्लेख पुन्हा केला. १० ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि लगेच पुढच्या पहाटे सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाचा अधिकार दिला.

नासरचा कारखाना

नोव्हेंबरअखेरीस निरीक्षक इराकमध्ये परतले. बगदादच्या उत्तरेला नासर इथे धातूकामाचा कारखाना होता. तिथे अणुऊर्जा संस्थेच्या लोकांना १३,००० तयार रॉकेटं दिसली. सगळी ७०७५-टी६ अॅल्युमिनियमच्या नळ्यांची. साठा संपत आला होता म्हणून नवीन नळ्या हव्या होत्या, असं इराकी अभियंत्यांनी सांगितलं. मग इतक्या काटेकोर मापांचा आग्रह का? रॉकेटच्या मूळ आराखड्यात मोठे बदल न करता त्याचा नेम सुधारायचा होता, असं उत्तर मिळालं. आराखडे आणि खरेदीची कागदपत्रं या उत्तराशी जुळली.

संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी २७ जानेवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेला कळवलं की नळ्या इराकने सांगितलेल्या कामाशी सुसंगत दिसतात, आणि बदल केल्याशिवाय सेंट्रिफ्यूजसाठी चालणार नाहीत. त्याआधी ९ जानेवारीलाही त्यांनी हीच दिशा दाखवली होती. टाइम्सने ते दहाव्या पानावर दिलं.

मग आला ५ फेब्रुवारी. कॉलिन पॉवेल यांचं सुरक्षा परिषदेतलं भाषण. सरकारातला सर्वांत विश्वासार्ह चेहरा त्यांचा, म्हणून ही जबाबदारी त्यांच्यावर आली. नळ्यांवर ते म्हणाले की आपण सेंट्रिफ्यूजचे तज्ज्ञ नाही, पण एक जुना सैनिक म्हणून सांगतो, इतकी काटेकोर मापं अमेरिका स्वतःच्या अशा रॉकेटांसाठीही मागत नाही. मतभेद आहेत हे त्यांनी कबूल केलं, पण ओझरतं. त्यांच्याच खात्याच्या गुप्तचर विभागाने भाषणाचे मसुदे वाचून त्यांना कळवलं होतं की हा मुद्दा कच्चा आहे, आणि मापांची तुलना तर दिशाभूल करणारी आहे. अमेरिकेचं मार्क-६६ नावाचं रॉकेट त्याच धातूचं होतं आणि त्याचीही मापं तशीच काटेकोर होती. तरीही वाक्य भाषणात राहिलं.

भाषणाला अमेरिकी संपादकीयांनी डोक्यावर घेतलं. त्या भाषणाच्या आगेमागे मिळून दोन आठवडे चार मोठ्या वाहिन्यांच्या बातम्यांत इराकवर बोलायला आलेल्या ३९३ जणांचा 'फेअर' या माध्यम-निरीक्षण संस्थेने हिशेब मांडला. युद्धविरोधी संघटनांचे त्यात तिघे होते. याच काळात, १५ फेब्रुवारीला, जगभरातल्या शेकडो शहरांत लाखो लोक युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते.

७ मार्चला अल बरादेई यांनी अंतिम स्वरूपाचं सांगितलं: अण्वस्त्र कार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा किंवा विश्वासार्ह चिन्ह सापडलेलं नाही. नळ्यांवरचा निष्कर्ष तोच. इराकने आफ्रिकेतल्या नायजर देशाकडून युरेनियम घेण्याच्या कराराची म्हणून दाखवलेली कागदपत्रंही बनावट निघाली. २० मार्चला पहाटे बगदादवर हल्ला सुरू झाला.

नंतर

अमेरिकेने स्वतः नेमलेल्या शोधपथकाने इराक पालथा घातला. त्याचे पहिले प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये सिनेटसमोर सांगितलं की जवळपास आपण सगळेच चुकलो. चार्ल्स डेल्फर यांचा अंतिम अहवाल त्या वर्षीच्या शरद ऋतूत आला: अण्वस्त्र कार्यक्रम १९९१ नंतर संपलेला, नळ्या रॉकेटांसाठी. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढच्या वर्षांत नोंद झालेले इराकी नागरिकांचे मृत्यूच एक लाखाच्या कितीतरी वर गेले. अमेरिकेचे चार हजारांहून अधिक सैनिक गेले.

'सगळेच चुकलो' हे वाक्य मला फार अन्यायकारक वाटतं. सगळे चुकले नव्हते. ऊर्जा विभागातले लोक चुकले नव्हते, परराष्ट्र खात्याचा गुप्तचर विभाग नळ्यांबद्दल चुकला नव्हता, व्हिएन्नातली अणुऊर्जा संस्था चुकली नव्हती, नाइट रिडर चुकलं नव्हतं. ते बरोबर होते आणि त्यांचं म्हणणं लिखित स्वरूपात उपलब्ध होतं. सगळे चुकले असं म्हटलं की कोणीच जबाबदार राहत नाही.

२६ मे २००४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकांनी आपल्या इराक वार्तांकनाबद्दल वाचकांसाठी टिपण छापलं. अनेक बातम्यांत हवी तेवढी कठोर छाननी झाली नाही, अणुऊर्जा संस्थेचा आक्षेप पहिल्या पानाच्या योग्यतेचा होता, असं त्यात मान्य केलं. हे टिपण स्वतः दहाव्या पानावर होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मात्र टाइम्सच्याच दुसऱ्या बातमीदारांनी नळ्यांच्या प्रवासाची सखोल शोधबातमी केली, आणि वर दिलेले कितीतरी तपशील आज आपल्याला तिच्यामुळेच माहीत आहेत. हे काम उत्तम होतं. फक्त ते दोन वर्षं उशिरा आलं.

भारताचा या सगळ्याशी थेट संबंध आला तो २००३ च्या उन्हाळ्यात. इराकमध्ये शांतता राखण्यासाठी भारताने एक डिव्हिजन सैन्य पाठवावं असा अमेरिकेचा आग्रह होता, आणि दिल्लीत त्यावर गंभीरपणे विचार चालू होता. १४ जुलैला वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्यामुळे नकार दिला. महाराष्ट्राला या नकाराचं मोल अधिक कळायला हवं. पहिल्या महायुद्धात याच मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेलं सैन्य म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. दुसऱ्यांच्या धोरणासाठी त्या मातीत आपली माणसं एकदा गेलेली आहेत.

मराठी वाचकाला परदेशी युद्धाची बातमी मिळते ती बहुतेक वेळा वृत्तसंस्थेकडून आलेली, भाषांतरित आणि जागेअभावी कापलेली. कापताना पहिला बळी जातो तो 'नाव न सांगण्याच्या अटीवर एका अधिकाऱ्याने सांगितले' या शेपटाचा, आणि दुसरा शेवटच्या परिच्छेदातल्या शंकेचा. डेस्कवर बसणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणजे टाइम्समध्ये १,७०० शब्दांनंतर का होईना जी शंका होती, ती आपल्यापर्यंत पोहोचायला आणखी एक चाळणी पार करावी लागते. मथळ्यात उरतो तो निव्वळ दावा.

नळ्यांच्या प्रकरणातले लोक पुढे कुठे गेले तेही पाहू. राइस पुढे परराष्ट्रमंत्री झाल्या. पॉवेल यांनी २००५ मध्ये ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचं मान्य केलं. मिलर यांनी त्याच वर्षी टाइम्स सोडला. नाइट रिडर २००६ मध्ये विकला गेला. आणि व्हर्जिनियातल्या लष्करी गुप्तचर केंद्रातले दोन विश्लेषक, ज्यांच्या 'या नळ्या रॉकेटच्या नव्हेत' या मतावर सीआयएने आपला निष्कर्ष टेकवला होता, त्यांना लागोपाठ तीन वर्षं उत्तम कामगिरीचं बक्षीस मिळालं. मे २००५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने ही बातमी दिली तेव्हा इराकमधल्या युद्धाला दोन वर्षं होऊन गेली होती.